स्वतःच्या तोंडाने

चर्चच्या सभेत ठराव एकमताने मंजूर झाला, टाळ्या झाल्या, समोसे आले. श्रीनिवास अमोलिक घरी परतले तेव्हा स्वारी खुशीत होती. रेल्वेतून निवृत्त झाल्याला सात वर्षं झाली होती, आणि या सात वर्षांत त्यांनी लिहिलेल्या कागदाला कोणी टाळी वाजवली नव्हती. चपला काढायच्या आधीच त्यांनी बायकोला तो वाचून दाखवला. इंदूबाई मेथी निवडत होत्या. चारही कलमं त्यांनी मान न उचलता ऐकली आणि विचारलं, “आणि निनाद?”

“निनादचं काय?”

“चौथं कलम परत वाचा.”

कागद हिंदीत होता. श्रीनिवासांनी घरासाठी त्याचं मराठी करत परत वाचलं. प्रभुभोजनाला येणाऱ्या प्रत्येक सभासदाने एकदा मंडळीसमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडाने, आपल्या विश्वासाची साक्ष द्यावी. साक्ष दिलेल्यांचीच नावं नव्या यादीत येतील, आणि यादीतल्यांनाच भाकर मिळेल. ‘स्वतःच्या तोंडाने’ हे शब्द त्यांना लिहितानाच आवडले होते. आत्ता ते तोंडातच अडकले.

निनाद त्यांचा एकुलता मुलगा. एकतीस वर्षांचा, डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेला. त्याच्याकडे दहा-बारा शब्द होते आणि तेवढ्यात त्याचं भागत असे. ‘नको’ हा त्यातला सगळ्यात लाडका. दर रविवारी चर्चच्या दाराशी काढलेल्या चपला तो जोडीने लावायचा. कुणाची कुठली हे त्याला पाठ होतं, आणि कुणी दुसऱ्याच्या चपलेत पाय घातला तर दंड धरून थांबवायचा. लूडोत तो सरसकट फसवायचा. तीन महिन्यांचा असताना त्याचा बाप्तिस्मा झाला होता. पंधराव्या वर्षी तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी काहीएक न विचारता त्याच्या तळव्यावर भाकरीचा तुकडा ठेवला. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी, ताट येण्याच्या कितीतरी आधी, तो दोन्ही तळवे पुढे करून बसायचा. सोळा वर्षांत कुणाला त्यात प्रश्न दिसला नव्हता. श्रीनिवासांनाही दिसला नव्हता. म्हणून तर चौथं कलम लिहिताना तो त्यांना आठवला नाही.

“त्याचा प्रश्नच येत नाही,” ते म्हणाले.

“तुमच्या कागदात आलाय. ‘प्रत्येक’ लिहिलंय तुम्ही. चौतीस वर्षं कारकुनी केलीत, ‘प्रत्येक’ म्हणजे कोण ते मी सांगू?”

भांडण मुळात बाप्तिस्म्याचं होतं. वरुणा नदीच्या अलीकडे एका गल्लीच्या टोकाला असलेल्या त्या लहानशा मंडळीत त्रेचाळीस प्रौढ माणसं होती आणि ती दोन तऱ्हेची होती. अर्धी जुन्या घरांतली. कोणी अमोलिकांसारखं नोकरीपायी नगरहून आलेलं, कोणी तीन पिढ्यांचं बनारसी. या सगळ्यांचा बाप्तिस्मा आईच्या मांडीवर, कपाळावर पाणी शिंपडून झालेला. उरलेली अर्धी गोपीनाथ लालच्या प्रार्थनासभेतली. त्यांच्या भाड्याच्या खोलीच्या मालकाने दोन वर्षांपूर्वी त्यांना बाहेर काढलं, तेव्हा ती इकडे आली. ती सगळी वयात आल्यावर विश्वास धरून, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलेली.

गोपीनाथ म्हणायचे, तान्ह्या मुलाला काय कळतं? त्याच्यावर पाणी टाकणं म्हणजे अंघोळ. जुने म्हणायचे, देवाने पाणी मोजून घेतलं असं शास्त्रात कुठे आहे? वर्षभर हे चाललं. नाताळचं जेवण दोन पातेल्यांत शिजलं. जुन्या सगळ्यांनी पुन्हा बुडून बाप्तिस्मा घ्यावा अशी सूचना आली, तेव्हा ऐंशी वर्षांच्या कालिंदी मौसी म्हणाल्या की आपल्या काळजात झडप बसवलेली आहे, तिला पाणी लागलं तर जबाबदारी कोण घेणार ते आधी लिहून द्या. शिवाय धर्मांतराच्या कायद्याच्या आजच्या दिवसांत वीस माणसं एकदम नदीत उतरवायची म्हणजे पाळकाच्या आधी वकील शोधावा लागतो. शेवटी सेक्रेटरी म्हणून श्रीनिवासांनी तोड काढली. कुणी पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा नाही, कुणी कुणाचा बाप्तिस्मा खोटा म्हणायचा नाही. फक्त प्रत्येकाने साक्ष द्यायची. दोन्ही बाजू खूश झाल्या. अशी तोड ज्याने काढली त्याच्या घरातच ती कापणार होती, हे त्या संध्याकाळी फक्त मेथी निवडणाऱ्या बाईला दिसलं.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवास पाळकांकडे गेले. पास्टर सुशांत मसीह पस्तिशीचे, सज्जन, आवाज न चढवणारे. त्यांनी चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

“अंकलजी, नियम तो आपने ही लिखा है.”

“लिहिला. चुकलो. एक ओळ घालू या, निनाद सोडून म्हणून.”

“कल पास हुआ, आज बदल दें? और वह भी सेक्रेटरी के घर के लिए? गोपीनाथजी क्या कहेंगे?” मग त्यांनी बायबल उघडलं आणि प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रातून दिलेली ताकीद काढली. जो प्रभूचं शरीर न ओळखता खातो, तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. “मैं निनाद को दंड से बचा रहा हूँ, अंकलजी.”

सोळा वर्षं आपण पोराला दंड खाऊ घालत होतो? पण समोरचा माणूस दुष्ट नव्हता, हसत नव्हता, आणि हातात पुस्तक होतं. त्यांनी चहा संपवला. पाळकांनी मार्ग सुचवला की बुधवारी निनादला घेऊन या, पंचांसमोर दोन-तीन सोपे प्रश्न विचारू, तो नुसतं ‘हाँ’ म्हणाला तरी साक्ष धरू. श्रीनिवास कबूल झाले.

घरी इंदूबाईंनी तो अध्याय पहिल्यापासून वाचला. रविवारच्या शाळेत त्यांनी वीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. मधूनच वाक्य उचलून वाचणाऱ्यावर त्यांचा फार राग.

“तुमच्या पाळकाने वरचं वाचलंच नाही. तिथले श्रीमंत आधी येऊन जेवून घ्यायचे, आणि मजूर माणसं उशिरा यायची ती उपाशी राहायची. त्यावर पौल चिडलाय. न समजणाऱ्यावर नाही हो, दुसऱ्याला उपाशी ठेवून खाणाऱ्यावर. आणि छपरातून खाली सोडलेला तो पक्षघाती? चौघांनी खाट दोरांनी खाली सोडली. येशूने कुणाचा विश्वास पाहिला? त्यांचा! खाटेवरच्याला कुणी विचारलं का, बाबा रे, उभा राहा आणि साक्ष दे?”

“हे तू बुधवारी येऊन सांग.”

“मी कशाला सांगू? मी त्याला परीक्षेला पाठवतच नाही. तुम्हीच हो म्हणून आलात.”

तरीही श्रीनिवासांनी शिकवणी सुरू केली. केळ्याचे काप बशीत ठेवायचे, प्रश्न विचारायचा, निनादने ‘हाँ’ म्हटलं की एक काप. येशूला ओळखतोस? हाँ. येशू तुझ्यासाठी मेला? हाँ. त्याच्यावर प्रेम करतोस? हाँ. दोन दिवसांत निनाद प्रश्न पुरा व्हायच्या आत ‘हाँ’ म्हणून हात पुढे करायला लागला. श्रीनिवासांना वाटलं, जमलं.

बुधवारी चर्चच्या मागच्या खोलीत पाच माणसं बसली. पाळक, गोपीनाथ, आणखी दोघं पंच आणि कागद घेऊन श्रीनिवास. निनादला मधल्या खुर्चीवर बसवलं होतं. त्याने नवा शर्ट घातला होता. तो एकेकाच्या पायांकडे बघून कुणाच्या चपला बाहेर चुकीच्या लागल्या असतील याचा विचार करत असावा. पाळकांनी तीन प्रश्न विचारले. तीनदा ‘हाँ’ आलं. पाळकांचा चेहरा उजळला.

“एक मिनिट,” गोपीनाथ पुढे झुकले. “निनाद बेटा, तुमने मेरा मोबाइल चुराया?”

“हाँ.”

“तुम काशी के राजा हो?”

“हाँ!”

पंचांतला एक जण हसला. मग दुसरा. पाळकांनी ओठ दाबले, पण खांदे हलले. सगळे हसताहेत म्हटल्यावर निनादही हसला. टाळ्या वाजवल्या आणि केळ्याच्या कापासाठी बापापुढे हात केला.

“मैं मज़ाक नहीं उड़ा रहा, अमोलिक साहब,” गोपीनाथ म्हणाले. “सिर्फ दिखा रहा हूँ.”

श्रीनिवासांनी कागदाची घडी घातली. पोराला ‘हाँ’ म्हणायला त्यांनीच शिकवलं होतं, त्याने म्हटलं. तो खोटं बोलला नव्हता, चुकला नव्हता, सांगितलेलं काम त्याने चोख केलं होतं. आणि तीन शहाणी माणसं त्याला हसली होती, चौथ्याने त्यांना हसवलं होतं, पाचवा शहाणा खिशात केळं घेऊन बसला होता. त्यांनी मुलाचा हात धरला आणि कुणालाही नमस्कार न करता बाहेर पडले. बाहेर निनादने दोन चपलांच्या जोड्या नीट केल्या, तोवर त्यांना थांबावं लागलं.

घरी जायची हिंमत नव्हती. निनादला घेऊन ते दुर्गाघाटाकडे उतरले. तिथल्या गल्लीत विश्वेश्वर शास्त्री राहतात. ते रामघाटाजवळच्या वेदपाठशाळेत शिकवतात आणि दुपारी तीननंतर पायऱ्यांवर बसून गप्पा हाणतात. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झाली, त्यालाही पंचवीस वर्षं होऊन गेली. नाव श्रीनिवास आणि प्रार्थना येशूची, हे शास्त्रीबुवांना पहिल्या दिवशी जे गमतीचं वाटलं ते आजतागायत वाटतं.

“या, पाद्रीबाबा! अरे निनाद, बैठ. काय तोंड झालंय तुमचं? कुणी गेलं का?”

श्रीनिवासांनी सगळं सांगितलं. काशीच्या राजापर्यंत आल्यावर त्यांनी तोंड नदीकडे वळवलं. निनाद खालच्या पायरीवर बसून नावा मोजल्यासारखं बोट दाखवत होता.

शास्त्रीबुवांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. “तुम्ही लोक आम्हाला काय म्हणायचात? ‘तुमच्याकडे कर्मकांड, आमच्याकडे कृपा.’ आता कृपेला फॉर्म भरून घेता होय?”

“थट्टा करू नका हो.”

“थट्टा कुठली. आमच्यात हे भांडण फार जुनं. मुलगा मुका असेल तर मुंज करायची का? एक म्हणतो, मंत्र म्हणता येत नाही, अधिकार नाही. दुसरा म्हणतो, आचार्याने त्याच्या वतीने म्हणावा. माझ्या आजोबांनी अशी एक मुंज लावली. मंत्र सगळा आजोबांनीच म्हटला. गल्लीतला एक माणूस जेवायला आला नाही. आठ दिवस आम्ही लाडू खात होतो.”

“मग खरं कोणाचं?”

“ते ग्रंथवाले बघून घेतील. लाडू उत्तम होते.” त्यांनी निनादच्या पाठीवर थाप मारली. “पण एक सांगतो, अमोलिक. आजोबांनी त्या पोराला आधी मंत्र पाठ करायला बसवलं नव्हतं.”

हा टोला बसला. मोबाइलचा प्रश्न गोपीनाथने विचारला, पण त्याआधी आपणच मान्य करून बसलो होतो की पोराच्या हक्काचं उत्तर पोराच्या तोंडात आहे. गोपीनाथांवरचा राग त्याने कमी झाला नाही, एवढंच की आता तो दोन ठिकाणी जळू लागला.

शनिवारी दुपारी साक्षींची सभा भरली. त्रेचाळीस नावांची यादी, प्रत्येकाला तीन मिनिटं. सुरुवातीलाच पाळकांनी उभं राहून जाहीर केलं की पंचांनी प्रार्थनापूर्वक विचार केला आहे आणि निनादभाईंसाठी विशेष सवलत ठेवली आहे. साक्षीशिवायही त्यांना भाकर मिळेल, फक्त त्यांचं नाव ‘अबोध सदस्य’, म्हणजे अजाण सभासद, या वेगळ्या शीर्षकाखाली लिहिलं जाईल. लोकांनी समाधानाने माना हलवल्या. एकीने तर इंदूबाईंचा हात दाबला.

श्रीनिवास सेक्रेटरीच्या टेबलामागून उठले. सभेत ते हिंदीत बोलायचे, वाचून दाखवल्यासारखे. त्या दिवशी हिंदी आणि मराठी एकमेकांत घुसत होत्या आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

“सवलत नको. सवलत कुणाला असते? ज्याला पूर्ण तिकीट परवडत नाही त्याला. मग बाकीचे आपण बेचाळीस जण तिकीट काढून आलो आहोत का? मी चौतीस वर्षं रेल्वेच्या पास विभागात बसलो. पासावर नाव कुणाचं असतं? ज्याने नोकरी केली त्याचं. गाडीत बसतं कोण? त्याचे आश्रित. बायको, मुलं. त्यांनी एक दिवस ड्यूटी केलेली नसते. आणि निनादसारख्या आश्रिताला वयाची अट नाही. तो चाळीसचा झाला तरी पास मिळतो. हे सरकारला सुचलं. टीसी त्याला विचारत नाही, बाबा, रेल्वे म्हणजे काय ते सांग. नाव बघतो आणि पुढे जातो. आपण इथे सगळे कुणाच्या नावावर बसलोय? गोपीनाथजी, तुम्ही ड्यूटी केली होती?”

गोपीनाथ सावकाश उठले.

“हाँ, की थी,” ते म्हणाले. “मैं चुनार के पास के गाँव का हूँ. चौदह साल पहले, माघ की ठंड में, गंगा पार जाकर बपतिस्मा लिया. मेरे पिता ने सुना तो यहीं, इसी काशी में, घाट पर मेरा पिंडदान किया. मैं ज़िंदा था, अमोलिक साहब. सीढ़ियों पर खड़ा देख रहा था. आप लोगों को सब पालने में मिल गया. अब आप कहते हैं, विश्वास करना न करना बराबर है?”

हे श्रीनिवासांना माहीत नव्हतं. दोन वर्षं शेजारच्या बाकावर बसून त्यांनी कधी विचारलं नव्हतं. राग थोडा डगमगला. मग त्यांना बुधवारचं मागच्या खोलीतलं हसू ऐकू आलं.

“बराबर नहीं कहता. तुम्ही जे भरलंत ते खरं. पण ते निनादकडून का वसूल करता? त्याने तुमचं काय घेतलं? मोबाइल?”

गोपीनाथ खाली बसले. पाळकांनी घसा साफ केला आणि यादीकडे पाहिलं. वर्णक्रमाने पहिलं नाव अमोलिकांचं होतं. “अंकलजी, आप से शुरू करते हैं. आपकी साक्षी.”

श्रीनिवासांनी साक्ष लिहून आणली होती, सव्वा पान. ती खिशातच राहिली. ते उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात पहिलं मिनिट गेलं तेव्हा लोकांना वाटलं, गहिवरून आलं असेल. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी खोकलं. तिसरं संपलं, तसं त्यांनी वाकून रजिस्टर ओढलं, स्वतःच्या नावापुढे ठळक अक्षरांत लिहिलं, ‘साक्षी नहीं दी’, आणि पेनाचं टोपण लावलं.

“अंकलजी, यह क्या…”

“नियम नियम है. पुढचं नाव घ्या.”

पुढचं नाव इंदूबाईंचं. त्या उठल्या. “चाळीस वर्षांच्या संसारात हे माझ्यापुढे तीन मिनिटं गप्प बसल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. एवढीच माझी साक्ष, आणि ती लिहू नका.” त्या बसल्या. कालिंदी मौसींनी जागेवरूनच सांगितलं, “हम भी चुप हैं,” आणि मग शेजारणीला ते दोनदा समजावून सांगितलं. बाकी चाळीस नावं होती, त्यातल्या निनादच्या नावाशी, सवलत बापानेच नाकारली म्हणून, पाळक न थांबता पुढे गेले. उरलेल्यांनी साक्ष दिली. काहींनी खाली बघत, पण दिली. श्रीनिवासांनी प्रत्येकाची नोंद नीट अक्षरात केली.

रविवारी जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. “उपाशी राहायचं तर त्यांच्या डोळ्यांसमोर राहू,” इंदूबाई म्हणाल्या, आणि निनादच्या शर्टाची बटणं लावायला लागल्या.

तिसऱ्या बाकावर तिघं बसले, निनाद वाटेच्या कडेला. प्रवचन कशावर झालं ते श्रीनिवासांना सांगता आलं नसतं. भाकर मोडून झाली. ताट फिरवायची पाळी त्या महिन्यात गोपीनाथांची होती. पहिला बाक झाला, दुसरा झाला. निनादचे तळवे केव्हाचे पुढे होते. गोपीनाथ तिसऱ्या बाकाशी आले, क्षणभर घुटमळले, आणि नजर समोर ठेवून एक पाऊल पुढे गेले.

निनादने ताट जाताना पाहिलं. त्याने त्यांच्या कुर्त्याचं टोक मुठीत धरलं.

“मला.”

गोपीनाथ थांबले.

“मला!” आता ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

गोपीनाथांचा चेहरा असा उजळला की तो खोटा असणं शक्य नव्हतं. डोळे भरून आले. “पास्टरजी! इसने माँगा! खुद अपने मुँह से माँगा! इससे बड़ी साक्षी और क्या होगी? अमोलिक साहब, लिखिए, रजिस्टर में नाम लिखिए!”

कुणीतरी ‘हालेलूया’ म्हणालं. पाळकांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. सबंध खोली सैल झाली. नियमही शाबूत राहिला होता, पोरगाही आत आला होता, आणि कुणालाही आपलं काही चुकलं असं म्हणावं लागलं नव्हतं. नेमकं तेच श्रीनिवासांना सहन झालं नाही. बुधवारी याच पोराच्या शब्दाला किंमत नव्हती. आज त्यांच्या सोयीचा निघाला, तेव्हा तो वचन झाला.

ते उठले. “नहीं लिखूँगा.”

“क्यों?”

“तो केळं मागतानाही हेच म्हणतो. आज बोलला म्हणून आत, आणि पुढच्या महिन्यात अंगात ताप असला, गप्प बसला, तर बाहेर? उद्या जो कधीच काही बोलणार नाही असा कुणी आला, तर त्याच्या बापाने काय करायचं? केळी कापायची?” ते गोपीनाथांकडे वळले. “लिखकर देना है तो मत दीजिए.”

“अहो,” इंदूबाई दात आवळून म्हणाल्या, “पोराचा हात पुढे आहे.”

होता. एका मुठीत कुर्ता, दुसरा तळवा उघडा. श्रीनिवासांनी तो पाहिला. एकदा पेनाने आपण याला उपाशी ठेवलं. आता बरोबर असण्याच्या हट्टापायी दुसऱ्यांदा ठेवतोय की काय, हे त्यांच्या मनात आलं. खाली बसावंसं वाटलं. त्यांनी पुढच्या बाकाची पाठ धरली आणि उभे राहिले.

गोपीनाथांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक टेबलावरच्या उघड्या पुस्तकाकडे बघत होते.

“बिना लिखे?” गोपीनाथांनी हळू विचारलं.

“बिना लिखे.”

“मुझसे तो पूरा दाम…” ते बोलायला लागले आणि थांबले. ताट त्यांच्या हातात किंचित कलंडलं, तुकडे एका बाजूला सरकले. मग त्यांनी एक उचलला आणि निनादच्या तळव्यावर ठेवला.

निनादने तो तोंडात टाकला, कुर्ता सोडला आणि दोन्ही तळवे परत पुढे केले.

“एकच असतो रे,” इंदूबाई म्हणाल्या. मागून कालिंदी मौसींचं हसू ऐकू आलं.

गोपीनाथांनी इंदूबाईंना दिलं. मग ताट श्रीनिवासांसमोर धरलं. चेहरा आता उजळलेला नव्हता.

“मैं अब भी मानता हूँ कि आप ग़लत हैं.”

“मानिए,” श्रीनिवास म्हणाले. “नियम मैं मंगलवार को रद्द करने के लिए रखूँगा. तुम्ही विरोधात मत द्या.”

“दूँगा.”

ताट तसंच होतं. भावावर राग असेल तर आधी जाऊन समेट करावा, मगच वेदीपाशी यावं, हे श्रीनिवासांना लहानपणापासून पाठ होतं. त्यांचा गोपीनाथांवर राग होता, त्या मोबाइलच्या प्रश्नासाठी. पाळकांवर होता. काल साक्ष देऊन बसलेल्या लोकांवर होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या चार कलमांवर. यातला गुंजभरही कमी झाला नव्हता, आणि झाला असं तोंडदेखलं म्हणायचीही त्यांची तयारी नव्हती.

त्यांनी तळवा पुढे केला.